शेवटचा भाषक कितीदा मरतो? : लिव्होनियन भाषेवरील लेखनाची एक तपासणी

जून २०१३ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने एक मृत्युवार्ता छापली. ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या नावाच्या १०३ वर्षांच्या बाई कॅनडात वारल्या आणि त्यांच्याबरोबर लिव्होनियन भाषाही संपली, असा तिचा आशय होता. त्याआधी चार वर्षे, फेब्रुवारी २००९ मध्ये, विक्तोर्स बेर्तोल्ड्स हे गृहस्थ लात्वियात वारले, तेव्हाही जवळजवळ हेच लिहिले गेले होते. त्याच्याही आधी, २००१ मध्ये पाउलिने क्ल्याविन्या गेल्या. लिव किनाऱ्यावर कायम वस्ती करून राहिलेल्या त्या शेवटच्या लिव भाषक. एकच भाषा बारा वर्षांत तीनदा मरते, हे चमत्कारिक आहे.

वार्ताहरांना दोष द्यावा, असे मला वाटत नाही. तिन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. फक्त 'शेवटचा' या शब्दाचा अर्थ दर वेळी बदलतो. किनाऱ्यावर राहणारी शेवटची व्यक्ती, लात्वियात राहून ही भाषा घरात शिकलेला शेवटचा माणूस, जगात कुठेही असलेली अशी शेवटची व्यक्ती. व्याख्या सरकली की मृत्यूची तारीख सरकते. पण मरण मात्र लिहिलेच पाहिजे, हा आग्रह कायम राहतो. हा आग्रह कुठून आला, याचा शोध मी गेली काही वर्षे घेतो आहे. विद्यापीठात मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ते इंग्रजी आणि कोश शेजारी ठेवून जर्मन ग्रंथ वाचत इथवर आलो. वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवला होता : हा ग्रंथ कोणाशी बोलतो आहे? या प्रश्नाने लिव्होनियनविषयीच्या लेखनातला बराच गुंता सुटतो, असे माझे मत झाले आहे.

थोडी ओळख आधी करून द्यायला हवी. बाल्टिक समुद्राकाठी लात्विया हा देश आहे. त्याच्या वायव्य टोकाला, कुर्झेमे प्रांतात, कोल्का नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. त्याच्या पश्चिमेला पाइनचे रान आणि वाळूची पट्टी यांच्या मध्ये बारा कोळीवाडे ओळीने वसले आहेत : कोल्का, वाइदे, सिक्राग्स, माझिर्बे वगैरे. ही लिव लोकांची शेवटची भूमी. ते स्वतःला 'रांदलिस्त' म्हणत, म्हणजे किनाऱ्याची माणसे; किंवा 'कलामीएद', म्हणजे मासेमार. मध्ययुगात मात्र ते रीगाच्या आखाताभोवती, दौगावा आणि गौया या नद्यांच्या काठी दूरवर पसरले होते. आजच्या लात्विया-एस्टोनियाच्या मोठ्या भागाला युरोपीय नकाशांवर कित्येक शतके 'लिव्होनिया' हे नाव होते, ते यांच्यावरून. नाव एवढे फुगले आणि माणसे बारा वाड्यांत मावली.

त्यांची भाषा फिनिश आणि एस्टोनियन यांची बहीण. भोवतालची लात्वियन भाषा मात्र इंडो-युरोपीय, म्हणजे आपल्या मराठीची दूरची का होईना, नात्यातली. लात्वियन आकडे मोजले की मराठी कान टवकारतात : दिवि, त्रीस, चेत्री. दोन, तीन, चार! तेच लिव्होनियनमध्ये कक्श, कुओल्म, नेल्या. (लिव्होनियन 'इक्श' आणि आपला 'एक' सारखे वाटतात, पण तो निव्वळ योगायोग आहे. अशा योगायोगांवर इमले बांधणाऱ्यांची आपल्याकडेही कमतरता नाही.) थोडक्यात, ज्या भाषेने लिव्होनियनला गिळले ती आपल्या कुळातली आहे.

लॅटिन बखर

लिव लोकांविषयीचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे हेन्री नावाच्या धर्मोपदेशकाने १२२० च्या दशकात लिहिलेली लॅटिन बखर. जर्मन पाद्री आणि सरदार दौगावा नदीवर कसे आले, १२०१ मध्ये रीगा शहर कसे वसले, लिव लोकांचा बाप्तिस्मा कसा झाला, याची ती हकिगत. ग्रंथ अर्थातच जिंकणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण हेन्री या लोकांमध्ये राहिला होता आणि पाहिलेले-ऐकलेले टिपून ठेवण्याची त्याला हौस होती, त्यामुळे त्याच्या हेतूपलीकडचेही पुष्कळ त्यात उतरले आहे.

दोन प्रसंग सांगतो. जर्मनांची जहाजे परत गेल्यावर लिव लोक दौगावात उतरतात, नदीच्या पाण्याने अंग धुतात आणि बाप्तिस्म्याचे पाणी आपण धुऊन टाकले, ते जर्मनांच्या मागोमाग जावो, असे जाहीर करतात. हेन्रीला यात विश्वासघात दिसतो. मला त्यात व्यवहाराची एक स्वच्छ समजूत दिसते : पाण्याने झालेली गोष्ट पाण्याने फिटते. दुसरा प्रसंग थिओडोरिक नावाच्या पाद्र्याचा. पावसाने लिवांची शेते कुजली आणि पाद्र्याचे पीक चांगले आले, म्हणून त्याचा बळी द्यावा असे ठरते. कौल घोड्याचा घ्यायचा. जमिनीवर भाला ठेवला जातो, घोडा कोणता पाय आधी टाकतो ते पाहिले जाते. घोडा जीवदानाचा पाय टाकतो. मांत्रिक म्हणतो, ख्रिश्चनांचा देव घोड्याच्या पाठीवर बसला आहे, पाठ पुसून काढा. पाठ पुसतात, घोडा पुन्हा तोच पाय टाकतो आणि पाद्री वाचतो.

आपल्याकडे देवाला कौल लावणे ज्याने पाहिले आहे, त्याला यातली प्रक्रिया परकी वाटणार नाही. शंका आली तर कौल पुन्हा घ्यायचा, आणि आलेला कौल मात्र पाळायचा. हेन्रीला हा देवाचा चमत्कार म्हणून सांगायचा आहे; पण त्याच्याच तपशिलातून निघते ते एवढेच की, ज्यांना तो रानटी समजतो त्यांनी नको असलेला निकालही मानला.

बखरीतला सर्वांत अडचणीचा माणूस म्हणजे तुराइदाचा म्होरक्या काउपो. त्याने बाप्तिस्मा घेतला, रोमला जाऊन पोप तिसऱ्या इनोसंटची भेट घेतली आणि १२१७ मध्ये जर्मनांच्या बाजूने एस्टोनियनांशी लढताना तो मारला गेला. एका पिढीला तो फितूर वाटतो, दुसरीला दूरदर्शी. बखर त्याचे गुणगान करते. त्याच्या तोंडी स्वतःच्या भाषेत काय आले असेल ते मात्र बखरीत नाही. इथून पुढची सहाशे वर्षे कागदावर लिवांचे असेच झाले. ते लिहिले जात होते, लिहीत नव्हते.

व्याकरण, कोश आणि एक हौशी राजपुत्र

एकोणिसाव्या शतकात दृश्य बदलते. फिनलंडमध्ये जन्मलेले आणि सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत काम करणारे अँडर्स योहान शोग्रेन १८४६ मध्ये आणि पुन्हा १८५२ मध्ये लिवांकडे गेले. पूर्वेकडे, सालात्सा नदीच्या काठी, त्यांना भाषा येणारी वीस-बावीस माणसेच सापडली. ती शाखा त्याच शतकात संपली. कुर्झेमेच्या किनाऱ्यावर मात्र दोन हजारांहून अधिक लोक ती बोलत होते. शोग्रेन १८५५ मध्ये वारले. त्यांचे टिपण फर्डिनांड वीडेमान यांनी पुढे नेले आणि १८६१ मध्ये व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केले. काम प्रचंड आहे आणि त्याचे ऋण कोणीही नाकारू शकत नाही. पण तो कोश लिव्होनियन-जर्मन आणि जर्मन-लिव्होनियन आहे. किनाऱ्यावरचा जमीनदार जर्मन होता. चर्च आणि शाळा लात्वियन भाषेत चालत. कोळ्याच्या घरात या कोशाला वाचक नव्हता आणि त्याच्यासाठी तो केलाही नव्हता.

दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, लिव्होनियन भाषेतले पहिले पुस्तक छापले गेले. ते मॅथ्यूचे शुभवर्तमान होते, पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या अशा दोन्ही बोलींत. छापले कुठे? लंडनला. नेपोलियनचा पुतण्या लुई ल्युसियाँ बोनापार्त याला भाषांचा नाद होता. युरोपातल्या नाना बोलींत एकच शुभवर्तमान उतरवून घ्यायचे आणि बोलींची तुलना करायची, हा त्याचा छंद. लिव्होनियन भाषांतर करणारे निका पोल्मानिस आणि यानिस प्रिन्सिस हे स्वतः लिव होते. म्हणजे लेखणी पहिल्यांदा लिव हातात आली तीही परदेशातल्या एका संग्राहकाच्या कपाटासाठी. तरी या दोघांनी जे केले त्याचे मोल मी वेगळे मोजतो. आपली भाषा कागदावर पूर्ण वाक्यांत, पानामागून पान उभी राहू शकते, हे त्यांनी आधी स्वतःला दाखवले असणार.

मग विल्हेल्म थॉमसेन या डॅनिश पंडिताने लिव्होनियन उच्चारातला घशात तुटणारा स्वर टिपला. त्याच्या स्वतःच्या डॅनिशमध्येही तसाच असल्यामुळे त्याला तो ऐकू आला. लाउरी केट्टुनेन यांचा मोठा कोश १९३८ मध्ये हेलसिंकीत निघाला. अर्थ पुन्हा जर्मनमध्ये. या साऱ्या ग्रंथांत एक समान सूर आहे. भाषा जाते आहे, जाण्याआधी नोंदून घेऊ या. हा सूर प्रामाणिक होता, हे मान्य. पण ज्याची नोंद घ्यायची तो माणूस त्या सुरात 'माहीतगार' ठरतो, वाचक ठरत नाही. आणि माहीतगारांची मोजदाद करता करता शेवटचा माहीतगार कोण, हा प्रश्न आपोआप येतो. 'टाइम्स'च्या मृत्युवार्तेचे मूळ मला इथे सापडते.

हे दूरचे वाटू नये म्हणून आपल्या घरातले एक उदाहरण देतो. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली भाषा बोलणारे काही हजार लोक आहेत. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. तिच्यावरचा प्रसिद्ध तौलनिक अभ्यास डच विद्वान कायपर यांचा, १९६२ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेला, इंग्रजीत. ग्रंथ मोलाचा आहे. पण जळगाव जामोदच्या बाजाराला येणारा निहाल तो कोणत्या दुकानात मागणार?

वीस वर्षे

लिवांच्या लिखित इतिहासात एकच कालखंड असा आहे की ज्यात पुस्तके त्यांच्याशी बोलली : दोन महायुद्धांमधली वीस वर्षे. पहिल्या महायुद्धात किनारा रिकामा झाला होता. परतलेल्यांना घरे मोडलेली सापडली. १९२० मध्ये केट्टुनेन यांच्याबरोबर ओस्कर लोरिट्स हा तरुण एस्टोनियन लोकसाहित्य-संग्राहक तिथे आला आणि गुंतला. समुद्राची आई, समुद्रातून वर येणाऱ्या निळ्या गाई, लांडगा होणारी माणसे अशा कथा-समजुतींचा त्याने मोठा साठा केला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. तार्तूहून लिव्होनियन वाचनमाला निघाली, ती मुलांच्या हातात देण्यासाठी. २ एप्रिल १९२३ रोजी 'लिव्होद ईत', म्हणजे लिवांचा संघ, स्थापन झाला. शाळांत ऐच्छिक विषय म्हणून भाषा शिकवली जाऊ लागली. एकच शिक्षक गावोगाव फिरत असे. १९३१ ते १९३९ 'लिव्ली' नावाचे नियतकालिक चालले. कार्लिस स्ताल्ते यांनी राष्ट्रगीत लिहिले. चाल तीच, जिच्यावर फिनलंड आणि एस्टोनिया यांची राष्ट्रगीते गायली जातात.

याच काळातला लिव ध्वज मला त्या सगळ्या कोशांइतकाच बोलका वाटतो. वर हिरवा पट्टा, मध्ये अरुंद पांढरा, खाली निळा. रान, वाळू, समुद्र. हा क्रम कोणाला दिसतो? समुद्रावरून नाव घेऊन परतणाऱ्याला. इतर सगळ्यांनी लिवांना जमिनीवरून पाहिले. इथे पहिल्यांदा लिवांनी स्वतःला आपल्या जागेवरून पाहिले.

६ ऑगस्ट १९३९ रोजी माझिर्बेला लिवांच्या समाजगृहाचे उद्घाटन झाले. फिनलंड, एस्टोनिया आणि हंगेरी या नातलग देशांनी त्याला मदत केली होती. सतराव्या दिवशी मॉस्कोत हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार करून बाल्टिक देशांची वाटणी ठरवली. स्ताल्ते यांचा संपूर्ण 'नवा करार' लिव्होनियनमध्ये छापून झाला तो १९४२ साली, वाचक पांगत असताना. क्रिस्टिन्या १९४४ मध्ये स्वीडनला निसटल्या, पुढे कॅनडाला गेल्या.

युद्धानंतर किनारा सोव्हिएत संघाची सीमा झाला. समुद्रात जायला परवानगी, किनाऱ्यावर हिंडायला परवानगी; रात्री वाळू नांगरून ठेवायची, म्हणजे पावलांचे ठसे सापडावेत. छोट्या वाड्यांतून मासेमारी काढून घेऊन ती मोठ्या सामुदायिक केंद्रांत नेली गेली. माझिर्बेजवळच्या रानात आजही जुन्या लाकडी होड्यांचे सांगाडे कुजत पडले आहेत. पोट गेले तसे गाव गेले, आणि गाव गेले तशी भाषा. भाषा 'आपोआप' मेली असे लिहिणाऱ्यांनी हे रान पाहायला हवे. १९३५ च्या जनगणनेत नऊशेहून अधिक लिव होते. १९५९ मध्ये दोनशेही भरले नाहीत.

जे मोजले जात नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. भाषकांची डोकी मोजणाऱ्या लेखनाला एक गोष्ट दिसत नाही : लिव्होनियन लात्वियनच्या आत काय करून गेली. लात्वियन शब्दांत आघात पहिल्या अक्षरावर असतो. तिच्या जवळच्या नातलग लिथुआनियनमध्ये तसे नाही, फिनिश-एस्टोनियन-लिव्होनियनमध्ये मात्र तसेच आहे. ही लिव सवय मानली जाते. शतकानुशतके लिव माणसे लात्वियन बोलू लागली ती आपल्या तोंडवळणानेच. लात्वियनच्या एका पूर्ण बोलीला भाषाशास्त्रज्ञ 'लिववळणाची' म्हणतात. तिच्यात शब्दांती ऱ्हस्व स्वर गळतात आणि स्त्रीलिंगाच्या जागी पुल्लिंगी रूपे येतात, कारण लिव्होनियनमध्ये व्याकरणिक लिंग नाहीच.

शब्द पाहा. लात्वियनमध्ये मुलगा म्हणजे 'पुइका'. घर म्हणजे 'माया'. लग्न म्हणजे 'काझस'. लग्न लावणे म्हणजे 'लाउलात', जो मुळात 'गाणे' या अर्थाचा शब्द आहे. हे चारही लिव-फिनिक घरातून आले आहेत. जाळी-मासे-वाळू यांचे शब्द उसने आले असते तर नवल नव्हते. पण मुलगा, घर, लग्न? हे शब्द बाजारातून येत नाहीत, सुनेबरोबर येतात. लात्वियन समाज काही अंशी लिवांच्या लेकीसुनांनी घडला, ही गोष्ट मला कोणत्याही जनगणनेपेक्षा खात्रीची वाटते. आपल्याकडेही असेच आहे. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद मराठीला संस्कृतने दिलेला नाही. तो द्रविड शेजारपणाचा वारसा मानला जातो. तो देणाऱ्यांची नावे कोणी नोंदली?

देवघेव दुसऱ्या बाजूनेही झाली. फिनिश माणूस 'माझ्यावर पुस्तक आहे' अशा रचनेने मालकी सांगतो. लिव्होनियनने मात्र लात्वियनच्या सहवासात चतुर्थी विभक्ती घडवली, जी तिच्या बहिणींत नाही, आणि तिने 'मिन्नन उम्' म्हटले. म्हणजे 'मला आहे'. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रचना शिकवावी लागणार नाही. क्रियापदांना लावायचे उपसर्गही तिने लात्वियनकडून उचलले. काही अभ्यासक याला भ्रष्टता मानत आले. मी मानत नाही. जी भाषा शेजारणीकडून विभक्तीची कल्पना उचलून ती स्वतःच्या प्रत्ययांत शिवते, तिच्या अंगात जोर असतो.

सन्मान आणि शाळा

स्वतंत्र लात्वियाने लिव्होनियनला मोठा मान दिला. १९९१ मध्ये किनारा संरक्षित सांस्कृतिक प्रदेश झाला. १९९९ च्या राजभाषा कायद्याने तिला मूळ रहिवाशांची भाषा म्हटले. त्याच कायद्यात लात्वियन आणि लिव्होनियन सोडून देशात बोलल्या जाणाऱ्या बाकी सर्व भाषा परकीय ठरवल्या. २०१४ मध्ये राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत लिव परंपरांचा उल्लेख आला. २०२३ हे लिव वारसा वर्ष म्हणून साजरे झाले.

इथे थोडे कडू बोलावे लागेल. देशात एक तृतीयांशाहून अधिक लोक घरी रशियन बोलतात, ती परकीय. घरात जवळजवळ कोणीच बोलत नाही ती लिव्होनियन स्वकीय. रशियन सत्तेने काय केले ते वर आलेच आहे, त्यामुळे कायद्यामागची जखम मला समजते. तरीही जी भाषा शाळा मागू शकत नाही, मतदारसंघ मागू शकत नाही, तिला मान देणे स्वस्त असते, हे टीकाकाराने लिहायला हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. त्याच सुमारास आपल्या गावातल्या मराठी शाळेचा पट किती होता, ते ज्याने त्याने आठवावे.

पण लात्वियातला मान नुसता कागदी राहिला असेही नाही, आणि हे न सांगणे अन्यायाचे होईल. तीत-राइन वीत्सो आणि वाल्ट्स एर्न्श्ट्रेइट्स यांचा मोठा कोश २०१२ मध्ये निघाला. त्यात शब्द लिव्होनियन आणि अर्थ एस्टोनियन व लात्वियन. जर्मन गेली! लिवांचे वंशज आज घरी लात्वियन बोलतात, म्हणजे दीडशे वर्षांत पहिल्यांदाच मोठा लिव्होनियन कोश लिवांना वाचता येणाऱ्या भाषेत आला. लात्विया विद्यापीठात २०१८ पासून लिव्होनियन संस्था काम करते आहे. सहज बोलू शकणारे वीस-तीस जण आहेत. सगळे प्रौढपणी किंवा आजीआजोबांकडून शिकलेले. त्यांच्यातले काही कविता लिहितात. दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी माझिर्बेच्या त्याच समाजगृहापाशी मेळा भरतो.

यांना 'खरे' भाषक म्हणायचे का, यावर वाद आहे. पुस्तकातून शिकलेल्यांचा तो तुटणारा स्वर तंतोतंत येत नाही, वाक्ये लात्वियनच्या साच्यात पडतात, असे आक्षेप घेतले जातात. आक्षेप बिनबुडाचे नाहीत. कोळ्याची भाषा आणि कवीची भाषा यांत फरक पडणारच. होडी ओढताना द्यायच्या शिव्या कोणत्याही वर्गात शिकवता येत नाहीत. पण लात्वियन साच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी 'मिन्नन उम्' आठवावे. तो साचा वाइदेच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही होता.

२०२० मध्ये लात्वियातल्या एका दाम्पत्याला मुलगी झाली. ते दोघे तिच्याशी लिव्होनियन बोलतात. 'जगातली एकमेव', 'पहिली' अशी विशेषणे लावून तिच्या बातम्या लगेच आल्या. तिला आता वाचता येऊ लागले असेल, आणि तिच्यासाठी पुस्तके कमी पडणार आहेत. वीडेमान यांचा कोश तिच्या उपयोगाचा नाही. तार्तूला छापलेली शंभर वर्षांपूर्वीची वाचनमाला मात्र आहे. ती मुलांसाठीच लिहिली होती.